घाबरलेला उंदीर खरं सांगत नाही

रत्नागिरीत परत येऊन राहायला लागल्यापासून शेजारीपाजारी, नातेवाईक, लग्नकार्यात भेटणारी माणसं मला हमखास विचारतात, “मुंबईला मेडिकल कॉलेजात होतीस ना? नर्स होतीस का?” नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, “मग रक्त-लघवी तपासायचीस?” तेही नाही. मी औषधशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत होते, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कामात. एवढं सांगितलं की समोरचं माणूस क्षणभर गप्प होतं आणि मग हळूच विचारतं, “म्हणजे उंदरांना मारायचं?”

हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर मांडवात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करते. फुरसं म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करणारा हा साप जांभ्याच्या गडग्यांत, कातळावरच्या दगडांखाली, काजूच्या बागेतल्या पाल्यात असतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी होती, की सरकारने मारलेल्या फुरशामागे इनाम लावलं होतं आणि वर्षाला लाखांनी फुरशी मारून आणली जात होती. तरी ती संपली नाहीत आणि माणसं मरायची राहिली नाहीत. गवत कापणाऱ्या बाया, भातकापणीची माणसं, आंब्याच्या बागेतले राखणदार यांना खरा आधार मिळाला तो प्रतिविषाची बाटली जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळायला लागली तेव्हा.

ती बाटली एकदा हातात घेऊन बघण्यासारखी आहे. आत पांढरट भुकटी असते. ती 10 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. भारतातलं हे प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्याच्या ताकदीचं प्रमाण ठरलेलं आहे. 1 मिलिलिटर प्रतिविषाने नागाचं 0.60 मिलिग्रॅम, घोणशीचं 0.60, मण्यारीचं 0.45 आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे.

प्रतिविष बनतं घोड्याच्या रक्तात. घोड्याला विषाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचतात, ती हळूहळू वाढवत नेतात आणि त्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग त्याच्या मानेच्या शिरेतून ठरावीक मर्यादेत रक्त काढतात. त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करून तांबड्या पेशी घोड्याला परत देता येतात. त्या द्रवातून प्रतिपिंडं शुद्ध करतात आणि गोठवून वाळवली की भुकटी होते. महाराष्ट्रात हे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे आहे आणि त्यांचे घोडे पिंपरीला असतात.

आता फुरशाच्या विषाचा तो 0.45चा आकडा. या बाटलीत तेवढी ताकद आहे हे कोण सांगतं? उंदीर सांगतो. साधारण 18 ते 20 ग्रॅम वजनाचे पांढरे उंदीर गटागटाने घेतात. ठरलेलं विष आणि वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिविष एकत्र करून ते मिश्रण 37 अंशांवर, म्हणजे शरीराच्या उष्णतेला, अर्धा तास ठेवतात आणि उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचतात. मग प्रत्येक गटातले किती उंदीर जगले याची नोंद होते आणि त्यावरून ताकद काढतात. जे जगत नाहीत, त्यांच्या मरणावर बाटलीवरचा आकडा उभा असतो. तेव्हा त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: होय, उंदीर मरतात. मी हे गोड करून सांगणार नाही.

उरलेलं उत्तर त्या उंदराला हातात धरणाऱ्या माणसाविषयी आहे.

मी इथल्याच कॉलेजातून प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, मुंबईला एम.एस्सी. केलं आणि एका मेडिकल कॉलेजात प्रकल्पावर लागले. मुंबईच्या रुग्णालयांत शिपायांना मामा आणि आयांना मावशी म्हणायची पद्धत आहे. आमच्या प्राणीगृहातले मामा संगमेश्वराकडचे होते. मी रत्नागिरीची हे कळल्यावर त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. मी पुस्तकात वाचलं होतं, की उंदीर शेपटीला धरून उचलावा. मामांनी पहिल्याच दिवशी हात अडवला. “बाय, असा लोंबकळवू नको त्याला. आधी तुझ्या हाताचा वास घेऊ दे. तो घाबरला ना, मग तुझं कागदावरचं सगळं फुकट.” ते पिंजऱ्यात प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा टाकून ठेवत. उंदीर आपणहून त्यात शिरला की नळीसकट उचलायचा आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत सोडायचा.

त्यांनी मला शेपटीच्या शिरेत सुई घालायला शिकवलं ते अजून बोटांत आहे. उंदराच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी एकेक बारीक शीर असते, निळसर, केसाएवढी. आधी शेपूट कोमट पाण्यात बुडवायची, म्हणजे शीर फुगते. उंदीर छोट्या नळीसारख्या साच्यात, शेपूट बाहेर. डाव्या हाताच्या दोन बोटांत ती ताणून धरायची, पण दाबायची नाही. सुई जवळजवळ आडवी, शिरेला समांतर ठेवून घालायची. नेम बरोबर असेल तर औषध काहीही जोर न लावता जातं आणि शीर क्षणभर पांढरी पडते. जोर लागला किंवा कातडीखाली फुगवटा आला, तर सुई शिरेत नाही, थांबायचं. शेपटीच्या टोकाकडून सुरुवात करायची, कारण पहिली जागा चुकली तर वर सरकता येतं. बुडाकडून सुरू केलंत तर शेपूट वाया. हे सगळं होतं तेव्हा श्वास रोखलेला असतो, आपला आणि उंदराचाही.

मामांचं म्हणणं पुढे संशोधनाने खरं ठरवलं. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि जास्त घाबरट राहतात. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले शांत असतात. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. डोळे किती मिटलेत, कान कसे वळलेत, नाक आणि गाल कसे फुगलेत, मिशा कुठल्या बाजूला आहेत, याला गुण द्यायचे. आणि 2014 मध्ये मॅकगिलच्याच शास्त्रज्ञांना आढळलं, की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासानेच उंदीर ताणाखाली येतात आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. म्हणजे औषध तेच, उंदीर तेच, आणि खोलीत कोण उभं आहे यावर आकडा बदलतो.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. प्राण्याला सांभाळून धरणं हा प्रयोगाला बाहेरून जोडलेला चांगुलपणा नाही, तो प्रयोगाचाच भाग आहे. भीतीने रक्तातली साखर वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, भूक मरते. आमच्याकडे मधुमेहाच्या औषधांचं काम चाले. घाबरलेल्या उंदराची साखर मोजून तुम्ही औषध निकामी ठरवलंत, तर उंदीरही फुकट गेला आणि औषधही. कधी उलटं होतं, निकामी औषध चांगलं दिसतं. ते तर आणखी वाईट, कारण पुढे ते माणसाच्या पोटात जायची शक्यता असते.

प्राणीगृहातला दिवस सकाळी लवकर सुरू होतो. आत जाताना चप्पल बदलायची, अंगावर कोट, तोंडावर मास्क, हातात मोजे. पिंजऱ्यात अंथरायला निर्जंतुक केलेलं भाताचं तूस असतं. आपल्याकडे गिरणीच्या मागे ज्याचे ढीग पडतात तेच. ते ठरल्या दिवशी बदलायचं, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, दाबून बनवलेलं खाद्य घालायचं, प्रत्येक पिंजऱ्यावरचं कार्ड वाचायचं. खोलीचं तापमान दिवसरात्र सारखं आणि दिव्यांचं घड्याळ बारा तास उजेड, बारा तास काळोख. उंदरांना तांबडा उजेड फारसा दिसत नाही, म्हणून रात्री पाहणी करायची तर तांबड्या दिव्यात. आमच्याकडचे छोटे पांढरे उंदीर स्विस जातीचे. 1926 मध्ये क्लारा लिंच या संशोधिकेने स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या, त्यांचा हा वंश. मोठे विस्टार उंदीर फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतून जगभर पसरले. घरातल्या घुशी-उंदरांशी यांचा स्वभाव जुळत नाही. रोज नीट हाताळलेला विस्टार कोटाच्या खिशात शिरून झोपतो.

आता विंचवाची गोष्ट, कारण ती आपल्या कोकणाचीच आहे. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो छोटा लाल. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतला एक मुलगा संध्याकाळी विंचू चावून पहाटेपर्यंत गेला. मंत्र झाले, उतारा झाला, शेवटी दवाखानाही झाला. तेव्हा डॉक्टरांच्या हातातही फारसं काही नव्हतं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग धाप, आणि तोंडातून गुलाबी फेस. असं का होतं हे कळायला जी मेहनत लागली, तिचा एक भाग मुंबईतल्या मेडिकल कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल विंचवाचं विष प्राण्यांना देऊन हृदयावर, रक्तातल्या साखरेवर आणि रक्त गोठण्यावर काय परिणाम होतो ते वर्षानुवर्षं तपासलं. विष शिरलं की ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं शरीरात एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झुंजून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

याच वेळी महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसून नोंदी करत होते. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. मग त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली, जी त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तेही 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आलं. पुढे हाफकिनने घोड्यापासून विंचवाचं प्रतिविष बनवलं. आपल्या चिपळूणला डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष 2006 आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केले. 2011 मध्ये बावस्करांनी 70 रुग्णांवरच्या अभ्यासात दाखवलं, की प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवरच्या रुग्णांपेक्षा लवकर बरे होतात. महाड आणि चिपळूणच्या डॉक्टरांचं कौतुक व्हावं तेवढं थोडं. पण त्या साखळीत पिंपरीचे घोडे आहेत आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतले प्राणीही. त्यांची नावं कुठल्या निबंधात नसतात.

कोकणाचं या विज्ञानाशी नातं याहून जुनं आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरण्यांतले आपले चाकरमानी बोटी भरभरून रत्नागिरीकडे पळाले. त्या शरद ऋतूत वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्याने प्लेगची लस बनवली, सशांवर तपासली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे शोधताना मुंबईच्या चाळींत पिसवा पकडायला गिनीपिग सोडले होते. प्लेगच्या खोल्यांत माणसाच्या जागी ते जनावर राहिलं.

पूर्वी प्राण्यांवर कोण काय करतं याला फारसा धरबंद नव्हता. आज आहे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे आणि 1998 मध्ये प्रयोगांसाठी स्वतंत्र नियम झाले. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नीती समिती असते. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतातच, शिवाय बाहेरचा शास्त्रज्ञ, केंद्राचा प्रतिनिधी आणि विज्ञानाशी संबंध नसलेली एक समाजातली व्यक्तीही असते. प्रयोगाआधी अर्जात लिहून द्यावं लागतं: प्राणी लागतोच का, हाच का, इतके का, दुखू नये म्हणून काय करणार, शेवटी त्यांचं काय करणार. कुत्रा, माकड अशा मोठ्या प्राण्यांसाठी दिल्लीची परवानगी लागते.

आमच्या समितीत विज्ञानाबाहेरच्या सदस्य म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मोठमोठे प्राध्यापक त्यांच्यापुढे बसलेले असत आणि त्या चष्मा पुसत विचारत, “इतके कशाला हवेत? कमी केले तर काय बिघडेल ते मला मराठीत सांगा.” सुरुवातीला काहींना याचा राग यायचा. पण मराठीत सांगायला बसलं की कितीदा तरी लक्षात यायचं, की एक गट उगाच घातला आहे, किंवा मागच्याच वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याने हेच केलं आहे. मग संख्याशास्त्रज्ञाला बोलावून आकडा पुन्हा मांडला जायचा आणि बहुतेक वेळा तो खाली यायचा. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये एका पुस्तकात तीन गोष्टी सांगितल्या होत्या: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, नसेल जमत तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांचे हाल कमी करा. आमच्या बाईंनी ते पुस्तक वाचलं नव्हतं. त्या त्याच नियमाने चालत होत्या.

नियम असले तरी सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणणार नाही. मुंबईतल्याच एका संस्थेत मे महिन्यात रविवारी प्राणीगृहातली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. ड्यूटीवरच्या अटेंडंटने फोन केले, पण दुरुस्तीला माणूस बोलावायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता आणि ज्याच्याकडे होता तो गावाला गेला होता. सोमवारी सकाळपर्यंत खोलीभर प्राणी उकाड्याने मेले होते. एका मुलीचं पीएच.डी.चं काम त्यात संपलं. चौकशीत ठपका बसला तो अटेंडंटवर. हे आठवलं की अजून संताप येतो. लाखो रुपयांची यंत्रं घेतली जातात आणि त्या खोलीत चोवीस तास असणारा माणूस मात्र कंत्राटी, विनाप्रशिक्षण, कुठल्याही बैठकीला न बोलावलेला.

त्या माणसाच्या शरीरावरही हे काम खुणा ठेवतं. उंदराच्या लघवीतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी प्रयोगशाळांतल्या अनेकांना होते. आधी शिंका, मग डोळे चुरचुरणं, काहींना दमा. मलाही शेवटच्या वर्षांत ते सुरू झालं. चावे होतात, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्यावं लागतं. मनावरचा भार तर वेगळाच. जपानमध्ये विद्यापीठांत वर्षातून एकदा प्रयोगातल्या प्राण्यांसाठी स्मरणविधी होतो, प्राध्यापकांपासून अटेंडंटपर्यंत सगळे फुलं वाहतात. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मामा सर्वपित्री अमावास्येला घरून आणलेल्या डब्यातला एक घास काढून खिडकीत ठेवत. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

प्राण्यांवर यशस्वी झालेलं सगळं माणसाला लागू पडत नाही, हेही वाचकाला माहीत हवं. 2006 मध्ये लंडनला टीजीएन1412 नावाचं औषध माकडांवर सुरक्षित ठरल्यावर सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. म्हणून पर्याय शोधणं हे प्राण्यांवरच्या दयेइतकंच माणसांच्या सुरक्षेचंही काम आहे. आपल्याकडे ते नवं नाही. कॅन्सरवर उंदरांच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीच परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. इंजेक्शनच्या औषधात ताप आणणारी अशुद्धी आहे का, हे बघायला पूर्वी सशांना टोचून तासन्‌तास त्यांचा ताप मोजत. आता बहुतेक ठिकाणी ते परीक्षानळीत होतं. 2023 मध्ये भारताने औषधचाचणीच्या नियमांत बदल करून प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2024 मध्ये घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड नागासारख्या सापांच्या एका घातक विषद्रव्यावर चालतं हे दाखवलं. मोठी आशा आहे त्यात. ते चालतं हे मात्र उंदरांवरच तपासावं लागलं.

जिथे प्राणी खरोखर नको होता, तिथून तो गेला आहे, याचा मला आनंद आहे. आमच्या वेळी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बेडूक फाडत. पाऊस पडला की सड्यावरून पोतं भरून बेडूक यायचे, आणि जी गोष्ट आकृती बघून कळली असती तीच आम्ही प्रत्येकी एक बेडूक संपवून शिकत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये हे कमी करायला आणि 2014 मध्ये बंद करायला सांगितलं. एमबीबीएसची मुलं सशाच्या डोळ्यात थेंब टाकून जे पाहत, ते आता संगणकाच्या पडद्यावर पाहतात. यात कोणाचं शिक्षण अडलेलं नाही.

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला त्याआधीपासून आहे, औषधनिर्माणशास्त्राची कॉलेजं तर जिल्ह्यात आणखीही आहेत. उद्या यांपैकी कोणी प्राणीगृह उभारायला घेतलं, तर त्यांना माझं सांगणं आहे: पहिली नेमणूक प्राणी सांभाळणाऱ्याची करा. त्याला कायम ठेवा, शिकवा, त्याचं ॲलर्जीचं तपासून घ्या, रात्री-अपरात्री निर्णय घ्यायचा अधिकार द्या आणि नीती समितीच्या बैठकीत त्याला खुर्ची द्या. प्राणीशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनी हे क्षेत्र जरूर बघावं. हात स्थिर आणि मन मऊ असेल तर या कामाला तुमच्यासारख्यांची गरज आहे. दोन्हीपैकी एकच असेल तर कृपया येऊ नका.

आणि वाचकांना एक विनंती. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बाटली ठेवलेली असते, घोड्याच्या रक्तातून आलेली आणि उंदरांच्या जिवावर तपासलेली. मांत्रिकाच्या अंगणात तासभर घालवून माणूस गेला, तर ते सगळं वाया जातं. साप किंवा लाल विंचू चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. रुग्णाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि 108ला फोन करून थेट सरकारी रुग्णालयात न्या. सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे मोफत मिळतं.